सव्वा महिना कोणाचा?

मराठीत बाई बाळंत झाली की आपण ‘सुटली’ असे म्हणतो. ‘सुखरूप सुटका झाली’ हा निरोप पूर्वी पोस्टकार्डावरून येई, आता फोनवरून येतो. शब्द तोच राहिला आहे. बाळंतपण म्हणजे बाईचा दुसरा जन्म असे मानले जाई, त्या काळातला हा शब्द. त्यात धाकधूक आहे आणि ती सरल्याचा निःश्वासही आहे. परंतु त्याच शब्दात थोडी घाईसुद्धा आहे. सुटली म्हणजे झाले, आता पाळण्याकडे पाहू. नाक कोणावर गेले, जावळ किती दाट आहे, पेढे वाटायचे की बर्फी, यात सारे घर गुंतून जाते. जिच्या शरीरातून हा आनंद बाहेर आला ती बाजेवर एका कुशीवर पडून असते आणि तिच्याकडे पहिले लक्ष बहुधा एखाद्या म्हातारीचेच जाते.

खरे पाहता त्या शरीराचे मोठे काम तेव्हा कोठे सुरू होत असते. प्रसूतीनंतर लगेच गर्भाशयाचे वजन सुमारे एक किलो असते. सहा आठवड्यांत आक्रसत आक्रसत ते पन्नास-साठ ग्रॅमवर येते. जेथून वार सुटून आली तेथे आत तळहाताएवढी जखम असते आणि ती भरेपर्यंत काही आठवडे अंगावरून जात राहते. दूध उतरताना छाती दगडासारखी होते. पोट फाडून मूल काढले असेल तर टाक्यांचे दुखणे वेगळेच. सव्वा महिना म्हणजे सदतीस-अडतीस दिवस. डॉक्टर बेचाळीस दिवस सांगतात. दोन्ही हिशेब एकमेकांच्या इतके जवळ यावेत, याचे आम्हांला नेहमी नवल वाटत आले आहे.

साताऱ्या-सांगलीकडच्या घरांतून त्या म्हातारीचे शास्त्र अजून पुष्कळसे टिकून आहे. सकाळी तिळाच्या किंवा खोबऱ्याच्या तेलाने अंग चोळायचे, कंबर आणि पोटऱ्या जरा अधिक. मग न्हाणीत कढत पाण्याचे तांब्ये कमरेवर ओतायचे. मग बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी आणि ओवा, बाळंतशेपा, वावडिंग यांची धुरी. पोटाला जुन्या मऊ लुगड्याचा पट्टा, कानांत कापूस, वरून फडके. खायला बाजरीची भाकरी, शेपूची भाजी, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू आणि हात न आखडता तूप. प्रसूत स्त्रीच्या पोटाला तूप-तेल लावून ते मोठ्या वस्त्राने आवळून बांधावे असे चरकसंहितेतही सांगितले आहे. म्हणजे लुगड्याच्या पट्ट्याचे कूळ बरेच जुने.

यातले सारेच हिताचे होते असे आम्ही म्हणणार नाही. कोंदट खोलीतला धूर आई आणि मूल दोघांच्याही छातीत जाई. बाळंतिणीला पाणी बेताने द्यायचे ही चाल तर अंगावर पाजणाऱ्या बाईच्या बाबतीत अगदी उलटी. न धुतलेल्या हातांनी किती जीव घेतले याची मोजदाद नाही. तरी या अज्ञानाचा सारा दोष सुईणीच्या माथी मारणेही बरे नव्हे. व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात इग्नाझ सेमेलवाइस यांनी १८४७ साली डॉक्टरांना हात धुवायला लावले व सूतिकाज्वराचे मृत्यू झपाट्याने कमी करून दाखवले, तेव्हा रागावले ते पदवीधर डॉक्टरच होते!

चुका वजा केल्या तरी या शास्त्रात एक मोलाची गोष्ट उरते. जी बाई एरवी दिवसभर इतरांचे करते, तिच्या अंगाला कोणीतरी रोज तासभर हात लावून बसते आणि तिच्याकडून कशाची अपेक्षा करत नाही. आपल्याकडच्या किती बायकांच्या आयुष्यात असा काळ दुसऱ्यांदा येतो?

अपेक्षा करत नाही असे म्हटले खरे; पण ते पुरते खरे आहे काय? ‘खा गं, दूध उतरायला हवे’ असे म्हणत लाडू पुढे होतो. ‘अंग धरले नाहीस तर पुढच्या खेपेला त्रास होईल’ असे म्हणत कंबर रगडली जाते. मुलगी झाली तर काही घरांत डिंक-खारकेचे प्रमाण हलकेच उतरते; तिसरीही मुलगी झाली तर शेगडी लवकर विझते. आणि मूल दगावले तर? हा प्रश्न विचारायला जड जातो, परंतु तोच येथे कसोटीचा आहे. मूल हाती लागले नाही तरी गर्भाशय तितकेच जड असते, जखम तेवढीच असते, तिसऱ्या-चौथ्या दिवशी दूध यायचे ते येतेच. पाळणा रिकामा आहे हे शरीराला कोणी कळवलेले नसते. अशा बाईला आपल्या घरांतून पूर्ण सव्वा महिना मिळतो काय? की ‘आता कशाला’ असे मनात म्हणत चार दिवसांत तिला चुलीपुढे पाठवले जाते? ही सेवा बाळासाठी असेल तर बाळाबरोबर ती संपणे हे तर्काला धरूनच आहे. ती बाईसाठी असेल, तर मात्र तिला संपायला कारण नाही.

आनंदीबाई जोशी चौदा वर्षांच्या असताना त्यांचे मूल दहा दिवसांचे होऊन गेले. पुढे अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून १८८६ साली त्यांनी पदवी घेतली, तेव्हा प्रबंधासाठी विषय निवडला तो प्राचीन भारतीयांच्या प्रसूतिशास्त्राचा. त्यांच्या मनात काय होते ते आम्ही सांगू शकत नाही. पण रिकाम्या पाळण्याची एक आई या विद्येकडे वळली, एवढी नोंद पुरे.

आता थोडे आपल्याच घरात डोकावू. सोयर आणि विटाळ यांची चर्चा निघाली की आपण ख्रिस्ती मंडळी जरा आरामात बसतो. हे आपल्यात नाही असे आपल्याला वाटते. लेवीय ग्रंथाचा बारावा अध्याय उघडून पाहावा. मुलगा झाल्यास आईच्या शुद्धीकरणाचे एकूण चाळीस दिवस, मुलगी झाल्यास ऐंशी. दिवस संपल्यावर मंदिरात अर्पण. ज्यांना कोकरू परवडत नाही त्यांनी दोन पाखरे आणावीत. आणि संत लूक सांगतो की नाझरेथच्या मारियेच्या घरून हे गरिबांचे अर्पण गेले. या चाळीस दिवसांत बाईला विसावाही मिळे, हे खरे. पण तो विसावा अशुद्धतेच्या पदराआडून येई. आपल्याकडच्या सोयराचेही तसेच. शिवू नका म्हणून का होईना, ती कामातून सुटे. आणि तरीही कोणीतरी तिला शिवावे लागेच. अनेक गावांत हे काम मातंग समाजातील सुईणीकडे असे. जिच्या हाताचे पाणी एरवी चालत नसे, तिच्याच हातात घरातले पहिले नातवंड पडे, आणि ती निघून गेल्यावर घर धुऊन काढले जाई.

ख्रिस्तसभेच्या जुन्या विधीत प्रसूतीनंतर आई मेणबत्ती घेऊन मंदिराच्या दाराशी उभी राही आणि धर्मगुरू आपल्या गळ्यातील स्टोलाचे टोक तिच्या हाती देऊन तिला आत नेत. त्या विधीतील प्रार्थना कृतज्ञतेची होती, शुद्धीकरणाची नव्हती. तरीही गावोगावच्या लोकांनी तिचा अर्थ आपल्या समजुतीप्रमाणेच लावला. १९६९ साली सुधारलेल्या बालकांच्या स्नानसंस्काराच्या विधीत शेवटी आई आणि वडील दोघांसाठी आशीर्वाद आला. २ फेब्रुवारीचा सण पूर्वी मारियेच्या शुद्धीकरणाचा म्हणून ओळखला जाई. त्याच वर्षीच्या दिनदर्शिकेत तो प्रभूच्या समर्पणाचा सण झाला. बदल चांगलाच झाला. फक्त चाळिसाव्या दिवशी मंदिराच्या पायऱ्या चढणारी ती थकलेली आई नावातून निघून गेली.

तिचे चित्रही बदलले आहे. पूर्वेकडील ख्रिस्तसभांच्या जुन्या चित्रांत ख्रिस्तजन्माच्या प्रसंगी मारिया अंथरुणावर आडवी विसावलेली दिसते आणि बाजूला दोन सुइणी बाळाला न्हाऊ घालत असतात. चौदाव्या शतकात स्वीडनच्या संत ब्रिजिताने आपल्या दर्शनात तिला गुडघे टेकलेली पाहिले आणि तेव्हापासून पश्चिमेकडील चित्रकारांनी तिला सहसा निजू दिले नाही. आपण नाताळात गव्हाण मांडतो तीही गुडघे टेकलेल्या मारियेची. यामागील श्रद्धेविषयी आम्हांला वाद घालायचा नाही. परंतु आपल्या डोळ्यांसमोर पिढ्यान्‌पिढ्या जी बाळंतीण राहिली ती एक क्षणही आडवी न होणारी, याचा काही परिणाम आपल्या घरांवर झाला नसेल काय, अशी शंका मनात येते.

याहूनही अवघड गोष्ट म्हणजे धर्मभगिनींवरील बंदी. व्रतबद्ध भगिनींनी प्रसूतीचे काम करू नये असा ख्रिस्तसभेचा नियम होता. इकडे मिरजेला डॉ. विल्यम वानलेस यांचे प्रेस्बिटेरियन मिशनचे इस्पितळ १८९४ सालापासून चालू होते. आपल्या भगिनींना मात्र बाळंतिणीच्या खाटेपाशी मज्जाव. परपुरुषाला दाखवण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या पडद्यातील स्त्रिया रावळपिंडीला पाहून स्कॉटलंडच्या डॉ. ॲग्नेस मॅक्लारेन अस्वस्थ झाल्या आणि हा नियम उठावा म्हणून पाच वेळा रोमला गेल्या. १९१३ साली त्या निवर्तल्या, तोवर काही झाले नव्हते. त्यांच्या प्रेरणेने डॉक्टर झालेल्या ॲना डेंगेल यांनी १९२५ साली वैद्यकीय मिशन भगिनींचा संघ काढला. ११ फेब्रुवारी १९३६ रोजी रोमहून आदेश निघाला आणि भगिनींना हे काम मोकळे झाले. ब्रह्मचर्याच्या व्रताला प्रसूत शरीराच्या स्पर्शाने बाधा येते असे ज्यांना वाटत होते, ते दुष्ट नव्हते. त्यांनी ते शरीर शरीर म्हणून पाहिलेच नव्हते. त्यांना त्यात केवळ धोका दिसला होता. विटाळाची कल्पना किती सभ्य वेष घेऊन येऊ शकते, याचे हे उदाहरण आपल्याच घरातले आहे.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या सोळाव्या अध्यायात प्रभू येशू शिष्यांच्या दुःखाला बाळंत होणाऱ्या स्त्रीच्या वेदनांची उपमा देतो: मूल जन्मले की आनंदामुळे तिला त्या वेदना आठवत नाहीत. उपमा सुंदर आहे आणि तिच्यामागे कोण्या आईकडे पाहण्याची दृष्टी आहे. पण तिचा आधार आपण फार सोयीने घेतला. विसरते ती आई. तिच्या आनंदाच्या भरात तिने विसरावे, तो तिचा अधिकार. नवऱ्याने, सासूने, मालकाने आणि प्रवचनकाराने तिच्या वतीने विसरून जावे, असे त्या वचनात कोठेही म्हटलेले नाही. देणेकरी आणि घेणेकरी यांतला हा साधा फरक आहे: घेणेकऱ्याने हिशेब सोडला तर ते औदार्य, देणेकऱ्याने सोडला तर ती बुडवेगिरी.

म्हणून आमच्या मते बाळंतिणीची सेवा हे ऋण आहे. ते बाळाच्या निमित्ताने सुरू होत असेल; पण ते बाळावर, त्याच्या लिंगावर, आईच्या कुंकवावर किंवा तिच्या मजुरीवर अवलंबून नाही. हे सांगायला सोपे, पण ते करून दाखवलेली माणसे शोधावी लागतात. त्यांपैकी एक याच मातीतली. सातारा जिल्ह्यातील नायगावात ३ जानेवारी १८३१ रोजी जन्मलेल्या सावित्रीबाई फुले आपल्याला ठाऊक आहेत त्या मुलींच्या शाळेमुळे. १८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाई यांनी पुण्यात आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. फसलेल्या ब्राह्मण विधवांनी गुपचूप यावे, बाळंत व्हावे, मूल न्यावे किंवा तेथेच ठेवून जावे. १८८४ साली जोतीरावांनी लिहिले की तोवर पस्तीस जणी तेथे बाळंत झाल्या आणि त्यांच्या मुलांपैकी पाच जगली. हा आकडा आम्ही पुनःपुन्हा वाचला आहे. तीस पाळणे रिकामे राहिले. ज्यांच्या बाळंतपणाचे पेढे कोणी वाटणार नव्हते, ज्यांना बाळंतविडा पाठवणारे माहेर उरले नव्हते आणि ज्यांपैकी बहुतेकींच्या कुशीत शेवटी मूलही राहिले नाही, अशा बायकांचे बाळंतपण सावित्रीबाईंनी केले. काशीबाई नावाच्या विधवेला १८७४ साली झालेला मुलगा त्यांनी दत्तक घेतला. तो यशवंत पुढे डॉक्टर झाला, ही कथा सर्वत्र सांगितली जाते. इतर चौतीस जणींची कथा कोणाला ठाऊक नाही. पण त्या घरातल्या पाण्याच्या बंबाला आणि तेलाच्या वाटीला ती ठाऊक असणार.

साताऱ्यातच भीमाबाई सकपाळ यांची समाधी आहे. चौदा अपत्यांची ही माता १८९६ साली साताऱ्यात वारली. चौदावे अपत्य भीमराव तेव्हा पाचेक वर्षांचे होते. जुलै १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूतिलाभाचे विधेयक आले, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्याच्या बाजूने उभे राहिले. बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे यात राष्ट्राचे हित आहे, आणि म्हणून या खर्चाचा मोठा वाटा सरकारने उचलावा, पण जो मालक तिच्या श्रमाचा लाभ घेतो त्यानेही त्यातून अंग काढून घेऊ नये, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. १९२९ साली मुंबई इलाख्यात तो कायदा झाला. घरातल्या म्हातारीने दिलेला सव्वा महिना येथे प्रथमच चौकाचौकात मागण्याजोगी गोष्ट झाली. १९६१ साली देशभरासाठी कायदा आला आणि २०१७ च्या दुरुस्तीने बारा आठवड्यांची रजा सव्वीस आठवड्यांची झाली. १९८१ सालच्या ‘लाबोरेम एक्सर्चेन्स’ या परिपत्रकात पोप दुसरे जॉन पॉल यांनीही मातृत्वामुळे स्त्रीच्या वाट्याला नुकसान येऊ नये, असे श्रमाच्या न्यायाचाच भाग म्हणून सांगितले आहे.

सव्वीस आठवडे! नोकरीत असलेल्या आपल्या लेकी-सुनांना ते मिळाले याचा आनंदच आहे. पण कृष्णा आणि वारणा यांच्या काठी, कऱ्हाडपासून वाळव्यापर्यंत, दिवाळीच्या सुमारास ज्या कोप्या उभ्या राहतात त्यांत हा कायदा पोहोचत नाही. बीडकडून आणि इतर दुष्काळी भागांतून ऊसतोडीला आलेले नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो. एकट्याला ‘अर्धा कोयता’ म्हणतात. उचल आधीच घेतलेली असते. एक दिवस कामाला आले नाही तर तो ‘खाडा’ आणि खाड्याचे पैसे कापले जातात. अशा कोपीत बाई बाळंत होते आणि काही दिवसांतच तीस-चाळीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढते. गर्भाशयाला आधार देणारे स्नायू अजून सैल असतात; अशा वेळी ओझे उचलल्याने अंग बाहेर येण्याचा धोका वाढतो, हे त्या म्हातारीलाही कळत होते आणि डॉक्टरांनाही कळते. २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या पाहणीत तेरा हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. त्यामागे कारणे अनेक आहेत, वैद्यकीय धंद्याची लूटही आहे. पण ज्या शरीराला कधी सव्वा महिना मिळाला नाही, त्याची दुखणी शेवटी कापूनच टाकावीशी वाटली तर आश्चर्य कसले?

‘आमच्या आज्या शेतात बाळंत व्हायच्या आणि संध्याकाळी भाकऱ्या थापायच्या’ असे अभिमानाने सांगणारे आपल्यात अद्याप आहेत. असतीलही तशा आज्या. ज्या उठू शकल्या नाहीत त्यांना नातवंडेच झाली नाहीत, म्हणून त्यांच्या गोष्टी कोणी सांगत नाही. दुसरा एक युक्तिवाद अधिक आदराचा आहे: आईपण म्हणजेच त्याग. संत जियाना मोल्ला यांचे नाव अशा वेळी घेतले जाते. आपल्या चौथ्या मुलाच्या जन्मानंतर आठवड्याभरात, २८ एप्रिल १९६२ रोजी, जंतुसंसर्गाने त्या वारल्या; २००४ साली त्यांना संतपद मिळाले. त्यांच्यापुढे आम्ही नतमस्तक आहोत. परंतु त्याग करणारी व्यक्ती आणि तो करून घेणारे घर यांत अंतर आहे. जियाना स्वतः डॉक्टर होत्या. रुग्णाला विश्रांती नाकारून त्याच्याकडून संतपद वसूल करावे, असे त्यांना कधी सुचले असेल असे वाटत नाही.

आता शहरांतून, सांगली-मिरजेतही, तेल लावून न्हाऊ घालणारी बाई रोजाने येते. महिना ठरतो, साडी ठरते. सुशिक्षित घरांतून तिच्याशी घासाघीस होते. त्याच घरात स्नानसंस्काराच्या जेवणाला हॉल घेतलेला असतो, केक मागवलेला असतो. ती सकाळपासून चार-पाच घरांतल्या बाळंतिणींच्या कमरा चोळते. तिची स्वतःची बाळंतपणे कशी झाली, कितव्या दिवशी ती परत दुसऱ्यांच्या न्हाणीत उकिडवी बसली, हे आपण तिला सहसा विचारत नाही. विचारून पाहावे. आणि यंदा २ फेब्रुवारीला मेणबत्त्या आशीर्वादित होतील तेव्हा ऊसतोडीचा हंगाम भरात असेल; धर्मग्रामाच्या हद्दीतल्या कोप्यांत त्या आठवड्यात कोण बाळंतीण आहे, याची चौकशी महिला मंडळाला अवघड नाही. एक किलो डिंक, तेलाची बाटली, पाणी तापवायला लाकडे, आणि तिच्या नवऱ्याच्या खाड्याचे पैसे. शेवटची बाब थोडी महाग पडेल.